दम लागतो ना? मग मेडिकल बोर्ड मागा

आमच्या भागात माजी सैनिकाला दम लागला की निदान करायला डॉक्टर लागत नाही. पारावरचे म्हणतात, बिडी. घरचे म्हणतात, वय झालं. एखादा मामा सांगतो, मृगाला हैदराबादला जा, मासा गिळ, बघ फरक पडतो का. देवगिरी एक्सप्रेस धरून दरवर्षी त्या रांगेत उभे राहणारे फौजी मला माहीत आहेत. पण ज्या फौजेत उमेदीची वर्षं बर्फात आणि धुरात काढली, तिच्याच डॉक्टरांकडं रीतसर तपासणी, म्हणजे मेडिकल बोर्ड, मागा म्हटलं की हीच माणसं खाली बघायला लागतात.

मी फौजेत क्लार्क होतो. आता केज, धारूर, अंबाजोगाईकडचे लोक पिशवीत कागद घेऊन घरी येतात. सोयाबीनच्या सुगीत असेच एक हवालदार आले होते. मळणीयंत्र सुरू झालं की भुसा उडतो आणि यांना शेत सोडून बांधावर जाऊन बसावं लागतं. पिशवीत एक्स-रे, खाजगी दवाखान्यातल्या चिठ्ठ्या, दम्याचा निळा पंप, सगळं होतं. फुप्फुसाची फुंकायची तपासणी, म्हणजे पीएफटी, एकही नव्हती. डिस्चार्ज बुकात मेडिकल कॅटेगरी शेप-वन. म्हणजे कागदावर माणूस ठणठणीत.

"अण्णा, दम कधीपासून लागतो?"

"ग्लेशियरवरून उतरल्यापासून."

"मग रिलीज मेडिकलला, फौज सोडतानाच्या तपासणीला, सांगितलं का नाही?"

"डॉक्टरनं विचारलं, कोई तकलीफ? मी म्हनलो, नहीं साब. गाडीचं रिझर्वेशन झालं होतं की."

मला त्यांचा राग आला नाही. 'नहीं साब' म्हणायला आपल्याला भरती झाल्यापासून शिकवलं जातं. मेडिकल कॅटेगरी खाली आली की प्रमोशन अडकतं, एक्स्टेन्शन हातचं जातं, आणि कंपनीत 'सिकमॅन' म्हणून चेष्टा होते ती वेगळीच. मग माणूस खोकला दाबतो, मेडिकल स्टोअरमधून गोळ्या आणून खातो, आणि एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, रजिस्टरमध्ये त्याचं नावच येत नाही. पंधरा-वीस वर्षांनी अपंगत्व पेन्शन मागायला गेलं की नेमकी तीच नोंद सगळे मागतात.

सियाचीनला 1984 पासून आपली माणसं आहेत. तिथं वर चढवताना टप्प्याटप्प्यानं थांबवतात, पहिल्या टप्प्याला सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांना चार-चार, कारण घाई केली तर फुप्फुसात पाणी भरतं. त्याला हॅपो म्हणतात आणि तो जीव घेऊ शकतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. बुखारीबद्दल, म्हणजे उबेच्या शेगडीबद्दल, मात्र कोणी बोलत नाही. बंद बंकर, आत रॉकेलची बुखारी, बाहेर उणे तापमान. दार उघडं ठेवलं तर गारठून मरायचं, लावून घेतलं तर धूर गिळायचा. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. वर्कशॉपमधले वेल्डिंग आणि स्प्रे पेंटिंगवाले, वाळवंटात ताफ्याच्या धुळीत गाडी चालवणारे ड्रायव्हर, यांचंही तेच. त्यांच्या अंगावर बर्फ पडलेला नसतो, म्हणून त्यांचा दम कोणी मनावर घेत नाही एवढंच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल क्लार्क भडकवायला निघालाय. हॅपो वेळेवर खाली उतरवलं तर बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. त्यामुळं 'मला तेव्हा हॅपो झाला होता, म्हणून आज दमा आहे' हे आपोआप सिद्ध होत नाही. बोर्ड बिडी-सिगारेटचं विचारतं, आणि विचारायलाच पाहिजे. खोटे क्लेम करणारेही आहेत, मी पाहिलेत. कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांनी, 2023 मध्ये अपंगत्व पेन्शनच्या वाढत्या प्रमाणावर बोट ठेवलं, आणि त्यात जवानांपेक्षा अधिकाऱ्यांचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. त्याच वर्षी या पेन्शनचे नियम बदलले. 21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम, आधीच्यांना जुने. चलाखांनी वाट मळवली आणि आता खरा दमेकरी तिथं अडखळतोय. म्हणूनच खऱ्याकडं कागद पक्का पाहिजे.

पक्का म्हणजे काय? एक्स-रे नव्हे. दम्यात एक्स-रे बऱ्याचदा साफ येतो. पीएफटीमध्ये पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, याचं गुणोत्तर बघतात. मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पंपानंतरही गुणोत्तर 0.70 च्या खाली राहिलं तर सीओपीडीकडं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराकडं, बोट जातं. आकडा बराच सुधारला तर दम्याकडं. आणि दमा असा लबाड, की तपासणीच्या दिवशी माणूस मोकळा श्वास घेतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. एका नॉर्मल रिपोर्टवर घरी येऊ नका. पीक फ्लो मीटर फार महाग नसतं. सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा वहीत लिहा, डॉक्टरला दाखवा.

अजून एक घोळ कायम होतो. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये पंप मिळतो, मोठ्या दवाखान्याचं रेफरल मिळतं. तो उपचार. बोर्ड वेगळं. पॉलिक्लिनिकची फाइल कितीही जाड झाली तरी आजार नोकरीमुळं झाला की नोकरीत वाढला, आणि अपंगत्व किती टक्के, हे मेडिकल बोर्डच लिहितं. टक्का 20 च्या खाली आला किंवा 'नोकरीशी संबंध नाही' असा शेरा पडला की पेन्शनचं दार बंद. निदान पहिलं दार. नकाराचं पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये 1982 च्या नियमांवर बोट ठेवून सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, आणि तसं नसेल तर बोर्डानं कारण द्यायचं. जुन्या नियमांतल्या माणसानं हा निकाल अपिलाला जोडायलाच हवा.

जे अजून वर्दीत आहेत त्यांचं काम सगळ्यात सोपं. खोकला आला, एमआय रूमला जा, रजिस्टरला नाव चढवा. रिलीज मेडिकलला 'नहीं साब' म्हणू नका. पोस्टिंग कुठं होती, बुखारी होती का, सगळं सांगा. गाडी चुकली तर दुसरी मिळते.

जे घरी आलेत त्यांनी मेडिकल बोर्डासाठी आपल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. मराठा लाईट इन्फंट्रीवाले बेळगावला, महार रेजिमेंटवाले सागरला, तोफखानावाले नाशिक रोडला. उशिराच्या दाव्याला मुदतीच्या अटी आहेत, म्हणून 'दिवाळीनंतर बघू' नको. आपल्याला जवळ संभाजीनगरचं मिलिटरी हॉस्पिटल. छातीच्या आजाराचं मोठं ठिकाण पुण्याची आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेस. अर्ज लिहायला जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथं पैसे लागत नाहीत. पेन्शनच्या थकबाकीतला हिस्सा मागणारे एजंट चहाच्या टपरीपर्यंत पोचलेत, त्यांच्या हातात डिस्चार्ज बुक देऊ नका. झेरॉक्ससुद्धा नको.

काही जुने लोक मला म्हणतात, देशासाठी केलं त्याचे पैसे काय मागायचे. पैसे नका मागू, तपासणी मागा. ऊसतोडीला गेलेल्या पोराच्या पाठीत उसण भरली तर मुकादमाला चार शब्द सुनावणारे आपण, स्वतःच्या छातीसाठी एक अर्ज करताना संत का होतो, मला कळत नाही.

हवालदार अण्णांची पीएफटी झाली, अर्ज गेला, उत्तर यायचंय. आणि कमेंटमध्ये 'किती टक्के मिळतील' विचारू नका. टक्के बोर्ड देतं, मी नाही. अर्जाचा नमुना हवा असेल तर तेवढं लिहा, पाठवतो.