गाळ शेतात टाका दाजी, तळ्यात नको

रविवारी रात्री दाजींचा सिन्नरहून फोन. "उद्या शेततळ्यात दोन ट्रॉल्या गाळ टाकतोय, तुझं काय मत?" मत विचारण्याआधीच ट्रॅक्टरवाल्याला बयाणा देऊन झालेला! कारण तोच मेसेज, जो आठवडाभर आमच्या नाशिकच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय : गढूळ पाणी माशांचं अमृत, गाळात अंड्यांना ऊब मिळते, पिल्लांना खाणंही गाळातच, म्हणून तळ्यात गाळ टाका, बीज (माशांची पिल्लं) दुप्पट.

ऊब? अंड्याला गोधडी नाही, प्राणवायू लागतो. तो पाण्यातून पातळ आवरणातून आत झिरपतो. त्यावर बारीक माती बसली की आतला जीव गुदमरतो. महसीर मासा खडेगोट्यांत अंडी घालतो. तिथल्या फटी गाळाने बुजल्या की खेळ खलास.

आणि खरी गंमत पुढेच. दाजींच्या तळ्यात आहेत रोहू-कटला. हे मासे साचलेल्या तळ्यात अंडी घालतच नाहीत! म्हणून तर १० जुलै १९५७ रोजी ओडिशात शास्त्रज्ञ हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या कुळातल्या माशांची वीण घडवली. आज आपण बीज विकत आणतो ते याच वाटेने. मग तळ्यातला गाळ उबवणार कोणाची अंडी, आणि दुप्पट होणार काय?

एक गोष्ट मान्य करावी लागते. नदीत रोहू-कटला पुराच्या गढूळ पाण्यातच वितात. पण त्यांना हवं असतं चढतं, वाहतं पाणी; नाशिकला गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागतं तेव्हाचं. अंडी चिकटत नाहीत, प्रवाहाबरोबर जातात, साधारण १४ ते १८ तासांत फुटतात. गाळात रुतून बसायला त्यांना सवड कुठली!

खाण्याचं म्हणाल तर गढुळात ऊन शिरत नाही, शेवाळ धरत नाही, त्यावर जगणारे सूक्ष्म जीवही नाहीत. पिल्लू खाणार काय, माती?

युरोपच्या अंतर्देशीय मत्स्य सल्लागार आयोगाने १९६०च्या दशकातच मापं दिली होती : लिटरमागे २५ मिलिग्रॅमपर्यंत तरंगती माती असेल तर धोका नाही, नेहमीच ४००च्या वर असेल तर मासेमारी जेमतेम. ती तिकडच्या पाण्याची मापं, आपले मासे जास्त काटक असतील. पण ट्रॉल्यांनी माती ओतायला सांगणाऱ्याने एक तरी आकडा दिलाय का?

दाजी, बयाणा फुकट घालवू नका, ट्रॉल्या बागेकडे वळवा. द्राक्षाला गाळ चालेल. तळ्यात ओतलात, तर उद्या तो काढताना फावड्याचा एक घाव लागला तरी तळ्याच्या तळाचा प्लास्टिकचा कागद फाटेल.