राहू द्या मॅडम, आम्ही बघतो

परवा एका ओळखीच्या ताईंचा फोन आला. त्यांची मुलगी इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून जळगावच्या एमआयडीसीत लागली आहे. तीन महिने झालेत. कुणी वाकडं बोलत नाही, सगळे जपतात, आणि तरी पोरगी घरी येऊन रडते. "जपतात तर रडते कशाला?" हे त्यांना कळेना. मला लगेच कळलं. म्हणून आज हे सगळं लिहितेय.

मी याच एमआयडीसीत, पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले. पहिला मे महिना अजून आठवतो. डाय, म्हणजे पाइपचे जड साचे, उचलायची क्रेन बंद पडली होती. तिचं पॅनल वर, पत्र्याला लागून. आपल्याकडचा मे म्हणजे पारा ४५च्या वर, पत्र्याखाली नुसती भट्टी. मी शिडीला हात लावला आणि आमचे फिटर अप्पा पुढे आले. "राहू द्या मॅडम, आम्ही बघतो. तुम्ही खाली सावलीत थांबा." मी थांबले. माझ्या मागून लागलेला मुलगा वर चढला. दोन तासांनी घामाने निथळत खाली आला तेव्हा त्याला त्या क्रेनचं वायरिंग तोंडपाठ झालं होतं. मी काय केलं? रजिस्टरमध्ये नोंद केली.

पुढची तीन वर्षं असंच चाललं. हात काळे होतील, राहू द्या. रविवारी शटडाऊनला (मशिनं थांबवून दुरुस्ती करतात तेव्हा) कशाला येता, घरी पोरं असतील. यातलं एकही वाक्य कुणी वाईट मनाने बोललं नाही, हे मी शपथेवर सांगेन. अप्पा तर मला लेकीसारखं वागवायचे.

मग बढतीची वेळ आली. साहेब म्हणाले, "तुमचं काम चोख आहे, पण ब्रेकडाउनचा अनुभव कमी पडतो." बढती त्या क्रेनवाल्या मुलाला मिळाली. तो हुशार आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या कामातून अनुभव येतो ते काम रोज काळजीपोटी हातातून काढून घ्यायचं आणि वर्षाअखेरी अनुभव नाही म्हणून मागे ठेवायचं, याला काय म्हणावं? कुणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं तर २०१३चा कायदा आहे, समितीकडे लेखी तक्रार देता येते. "साहेब, हे लोक माझी फार काळजी घेतात" अशी तक्रार कुठे द्यायची?

आणि ऊन म्हणाल तर माझी आई चोपडा तालुक्यात मजुरीला जायची. मे संपत आला की बागायती कापसाची लागवड सुरू होते. तापलेल्या वावरात वाकून सरकी कोण लावतं? बायाच. निंदणी बायांचीच. कापूस वेचायला तर माणूस शोधून सापडत नाही, कमरेला ओटी बांधून सगळ्या बायाच. तिथे कुणी म्हणालं का, बाई, राहू द्या, ऊन आहे? आईला एकदाही कुणी म्हटलं नाही. उलट मजुरी गड्यापेक्षा कमी, समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झालेला असूनही. म्हणजे बाईचं शरीर नाजूक होतं ते नेमकं कुठे? जिथे पगार बरा, हुद्दा बरा, पुढे जायची वाट आहे, तिथेच. या एका गोष्टीचा मला आजही मनापासून राग येतो.

कायद्याचंही असंच. मी लागले तेव्हा १९४८च्या कारखाना कायद्याचं कलम ६६ सगळ्यांना पाठ होतं: बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच कामावर ठेवायचं. त्याच कायद्याचं कलम १९ सांगत होतं की बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या शेडमध्ये ते नव्हतंच. मी ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जायचे, आणि जायला लागू नये म्हणून दुपारपर्यंत पाणी प्यायचे नाही. जळगावच्या उन्हाळ्यात! मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तेव्हा डॉक्टर माझ्यावरच रागावले. बाईला रोखणारं कलम पाठ आणि तिची सोय करणारं विस्मरणात, याला मी काळजी म्हणणार नाही.

सुप्रीम कोर्टाने २००७ साली अनुज गर्ग खटल्यात हेच तर सांगितलं. दारू दिली जाते अशा जागी बाईला नोकरी द्यायला पंजाब अबकारी कायद्यात बंदी होती. ती रद्द करताना कोर्टाचं म्हणणं असं की बाईला धोका असेल तर जागा सुरक्षित करा, तिची नोकरी काढून घेऊ नका.

हे बोललं की आपल्याकडे हमखास उत्तर येतं, "आपल्या जळगावच्या प्रतिभाताई तर राष्ट्रपती झाल्या, आता कुठला भेदभाव?" मलाही त्यांचा अभिमान आहे. १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या जळगावातून आमदार झाल्या. पण २००७ साली त्या राष्ट्रपती भवनात गेल्या म्हणून आमच्या शेडमध्ये संडास बांधला गेला नाही. तो बांधला गेला मी तीनदा लेखी अर्ज दिल्यावर.

बढती हुकल्यावर मी ब्रेकडाउनचं रजिस्टर घेऊन बसले. तीन वर्षांच्या नोंदी पाहिल्या. सगळीकडे अक्षर माझं आणि 'काम करणारा' या रकान्यात माझं नाव कुठेच नाही. ती पानं झेरॉक्स करून साहेबांना दिली, सोबत एका ओळीचा अर्ज: रविवारच्या शटडाऊनच्या यादीत माझं नाव घाला. उत्तर यायला चार महिने लागले.

पहिल्याच रविवारी एक्सट्रूडरचे, म्हणजे पीव्हीसी वितळवून पाइप काढणाऱ्या मशिनचे, हीटर बंद होईनात. तापमान चढत होतं. पीव्हीसी फार वेळ तापलं की बॅरलमध्येच जळतं, मग स्क्रू बाहेर काढून साफ करण्यात दिवस जातो. मी शेजारी उभी असताना ऑपरेटर दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला फोन लावत होता. मी मेन बंद केला, पॅनल उघडलं. हीटरचा वीजपुरवठा चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले होते. तो बदलला. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. तीन वर्षं आधी मला वर चढू दिलं असतं तर थरथरले नसते.

त्या ताईंना मी सांगितलं, पोरीला म्हणावं, आज काय काम केलं आणि कोणतं काम हातातून घेतलं गेलं, दोन्ही तारखेसकट वहीत लिही. आमच्याकडेही यंदा आयटीआय झालेली एक मुलगी आली आहे, धरणगावची. पहिल्याच आठवड्यात अप्पा तिला म्हणाले, "राहू दे माय, तुले नही जमाव." मी अप्पांना बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं, अगदी वर लिहिलंय तसंच. ते बराच वेळ गप्प बसले. पटलं की नाही, माहीत नाही.

रविवारी शटडाऊन आहे, क्रेनचंच. यादीत तिचं नाव तिसरं आहे. मी आज जाऊन बघून आले.