म्युनिकच्या प्राध्यापकाने वृद्धांचा बळी द्यायला सांगितलेले नाही

ख्रिस्टोफ ल्युटगे या जर्मन प्राध्यापकाविषयीचा एक मराठी संदेश सध्या कौटुंबिक गटांतून फिरतो आहे. त्यात चार विधाने आहेत: चालकविरहित मोटारीने अपघाताच्या वेळी तरुणाला वाचवून वृद्धाला चिरडावे, असा नियम त्यांनी जर्मनीत करवून घेतला, फेसबुकने त्यांना विकत घेतले आहे, व्यवसायनीती हा त्यांचा विषय म्हणजे कंपन्यांची जाहिरातबाजी आहे, आणि फेसबुकचे पैसे घेतल्यामुळे बव्हेरियाच्या (म्युनिक ज्यात आहे त्या जर्मन राज्याच्या) सरकारने त्यांना हाकलले. माझ्या आत्याचा नातू म्युनिकला शिकायला गेला आहे. हा संदेश वाचून त्या बिचारीने काळजीने मला फोन केला, आणि वृद्ध माणसांना इतके निर्दयपणे घाबरवणाऱ्या मजकुराला उत्तर न देणे मला शक्य झाले नाही.

पहिले विधान नुसते चुकीचे नाही, ते वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. जर्मनीचे तत्कालीन वाहतूकमंत्री अलेक्झांडर डोब्रिंट यांनी 2016 मध्ये स्वयंचलित वाहनांसाठी एक नीतिआयोग नेमला. घटनात्मक न्यायालयाचे माजी न्यायाधीश उडो डी फाबियो हे त्याचे अध्यक्ष होते, आणि त्यात कायदा, अभियांत्रिकी, तत्त्वज्ञान यांतील जाणकारांबरोबर एक कॅथलिक सहायक बिशपही होते. ल्युटगे हे त्यातील एक सदस्य होते. एकट्याने नियम करवून घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. जून 2017 मध्ये आयोगाने 20 नियमांचा अहवाल दिला. अपघात अटळ असेल तेव्हा वय, लिंग, शारीरिक वा मानसिक स्थिती यांवरून माणसामाणसांत फरक करण्यास सक्त मनाई आहे, असे त्यातील नववा नियम सांगतो. एकाच्या जिवाची दुसऱ्याच्या जिवाशी वजाबाकी करू नये, हेही तिथेच लिहिले आहे. एकूण जखमींची संख्या कमी राहील अशी सर्वसाधारण रचना समर्थनीय ठरू शकते, एवढी मुभा आहे. पण समोरचा माणूस सत्तर वर्षांचा की सात वर्षांचा, हे पाहून निर्णय घेण्याची मुभा कोणालाही नाही. पुढे 2021 मध्ये चालकविरहित वाहनांचा कायदा झाला, तेव्हा व्यक्तिगत वैशिष्ट्यांवरून जिवांना कमीअधिक वजन देण्याची ही मनाई त्या कायद्यातच आली. अहवाल इंग्रजीतही उपलब्ध आहे. संदेश लिहिणाऱ्याने तो उघडून नववा नियम तेवढा वाचला असता, तरी पुरे होते.

हा गैरसमज कुठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी 'मॉरल मशीन' नावाचा इंटरनेटवरील प्रयोग केला होता. मोटारीने कोणाला वाचवावे, असे त्यात जगभरातील लोकांना विचारले गेले. सुमारे 4 कोटी उत्तरांवर आधारलेला तो अभ्यास ऑक्टोबर 2018 मध्ये 'नेचर'मध्ये आला, आणि लोकांचा कल तरुणांना वाचवण्याकडे असल्याचे त्यात दिसले. हा लोकमताचा कल होता, नियम नव्हे. जर्मन आयोगाचा नियम या कलाशी जुळत नाही, याची नोंद त्याच शोधनिबंधात आहे.

व्यवसायनीती म्हणजे जाहिरातबाजी, या विधानात अभ्यासाचा लवलेश नाही. ल्युटगे ज्या परंपरेत वाढले, ती जर्मन व्यवसायनीतितज्ज्ञ कार्ल होमान यांची आहे. तीव्र स्पर्धेत एकट्याने सचोटी पाळणारी कंपनी तोट्यात जाते, म्हणून नीती ही सर्वांना बांधणाऱ्या नियमांत आणली पाहिजे, असा तिचा गाभा आहे. हा विचार पटो वा न पटो, केवळ स्वयंघोषित सदाचारावर विसंबणाऱ्या इंटरनेट कंपन्यांना तो मुळीच सोयीचा नाही.

फेसबुकच्या पैशांविषयी मात्र अर्धे सत्य मान्य करावे लागते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिशास्त्राची संस्था काढण्यासाठी पाच वर्षांत 75 लाख डॉलर देण्याची घोषणा फेसबुकने जानेवारी 2019 मध्ये केली, आणि संस्थेचे प्रमुखपद ल्युटगे यांच्याकडे आले. पैसे हप्त्यांनी मिळणार होते, आणि करारात त्यांचेच नाव होते, हे त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मन वृत्तपत्रांतून बाहेर आले. ज्या उद्योगाची चिकित्सा करायची, त्याच उद्योगाच्या हप्त्यांवर संस्था चालवणे मला गैर वाटते, आणि विद्यापीठाने तो करार पहिल्याच दिवशी लोकांपुढे ठेवायला हवा होता. तरीही त्यातून माणूस विकला गेल्याचे सिद्ध होत नाही, आणि आयोगाचा अहवाल तर या देणगीच्या दीड वर्ष आधीचा आहे.

राहिली हकालपट्टी. फेब्रुवारी 2021 मध्ये बव्हेरियाच्या सरकारने त्यांना राज्याच्या नीतिपरिषदेतून, म्हणजे नैतिक प्रश्नांवर सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळातून, दूर केले, हे खरे आहे. कारण होते करोनाकाळातील टाळेबंदीवर त्यांनी केलेली जाहीर टीका. विद्यापीठातील त्यांचे प्राध्यापकपद कायम राहिले. फेसबुकच्या देणगीमुळे सरकारला त्यांना दूर करायचे असते, तर नेमलेच नसते. ती परिषदच 2020 मध्ये, देणगीची घोषणा होऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर, स्थापन झाली होती.