‘टाळं लागलं ते बरंच झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इथे अमेरिकेत, आमच्या गावातल्या विद्यापीठातली एक फ्रॅटर्निटी (निवडून घेतलेल्या विद्यार्थ्यांची संघटना, जिची मुलं बहुधा एकाच घरात राहतात) शाखा बंद झाली आणि तिचे माजी सदस्य पुढचं ठरवायला जमले, त्यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं : ‘दारू पाजून पोरांचे जीव घेणाऱ्या अड्ड्याला टाळं लागलं ते बरंच झालं. साठी-सत्तरीच्या माणसांनी ते पुन्हा उघडायचे बेत आखायचे आणि तुम्ही त्यांचं कौतुक करायचं, हे काही पटलं नाही. स्वतःच्या मुलाला पाठवाल का तिथे?’

टाळं लागायलाच हवं होतं, यावर आपलं दुमत नाही. पण तिथे गोष्ट संपते असं तुम्ही धरून चालला आहात. त्या माजी सदस्यांच्या संस्थेचे हिशेब मी बघते (हे मूळ लेखातही सांगितलं होतं), त्यामुळे पुढे काय होतं ते मला जवळून दिसतं.

शाखा बंद होते म्हणजे राष्ट्रीय संघटना सनद काढून घेते किंवा विद्यापीठ मान्यता रद्द करतं. बंदी बहुधा चारेक वर्षांची असते, कारण तेवढ्यात तिथली सगळी मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात. घर मात्र जागेवरच राहतं. बरेचदा ते माजी सदस्यांच्या वेगळ्या संस्थेच्या मालकीचं असतं. मुलांचं भाडं थांबतं. कर्जाचे हप्ते, मालमत्ता कर चालूच राहतात. रिकाम्या घराचा विमा महाग पडतो, आणि हिवाळ्यात हीटिंग बंद ठेवलं तर पाइप गोठून फुटतात. म्हणून अशा बैठकीत पहिला तास छप्पर, बॉयलर आणि विमा यांतच जातो. आमच्या बैठकीतही तेच चाललं होतं. भिंतीवर वर्षावर्षाचे फ्रेम केलेले फोटो, प्रत्येक फोटोत टाय लावलेले साठ-सत्तर छोटे चेहरे, आणि खाली तेच चेहरे म्हातारे होऊन छपराचं कोटेशन वाचताहेत. तेवढ्यात मागून एक आजोबा उठले. म्हणाले, ‘छपराचं नंतर बघू. शेवटच्या तीन वर्षांत इथे राहिलेल्यांपैकी किती जणांना आपण या समितीवर घेणार आहोत, ते आधी सांगा.’ मी कौतुक केलं ते या प्रश्नाचं, आणि त्यावर झालेल्या ‘एकालाही नाही’ या ठरावाचं.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते पेन स्टेट विद्यापीठातल्या बीटा थीटा पाय शाखेवरून कळतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे नव्या मुलांना थोड्या वेळात भरमसाट दारू पाजली गेली. १९ वर्षांचा एक मुलगा तळघराच्या जिन्यावरून कोसळला. जवळजवळ बारा तास कोणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही, आणि तो गेला. ही शाखा त्याआधीही एकदा बंद करून नव्याने उभी केलेली होती. माजी सदस्यांनी घरावर लाखो डॉलर ओतले होते. कॅमेरे होते, दारूबंदीचा नियम होता, एक प्रौढ सल्लागार त्याच घरात राहत होता. कॅमेऱ्यांत सगळं टिपलं गेलं, पण त्या पोराला वाचवायला वेळेवर कोणी आलं नाही. घर चकचकीत केलं की शाखा सुधारते, हा समज मला तेव्हापासून धोक्याचा वाटतो. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाने त्या मुलाच्या नावाने कायदा केला. गंभीर प्रकरणात दोषी ठरलेल्या संघटनेचं घरसुद्धा त्याखाली जप्त होऊ शकतं.

नुसतं घर धरून बसणंही कामाचं नाही. डार्टमथ कॉलेजने २०१५ मध्ये अल्फा डेल्टाची मान्यता काढली. नव्या सदस्यांच्या अंगावर डाग दिल्याचं प्रकरण होतं. मान्यता गेल्यावर, कॉलेज ज्या गावात आहे त्या हॅनोव्हरने सांगितलं, आता या घरात विद्यार्थी राहू शकत नाहीत. माजी सदस्यांची संस्था कोर्टात गेली आणि २०१७ मध्ये न्यू हॅम्पशरच्या सर्वोच्च न्यायालयात हरली.

मग विकून मोकळं व्हावं का? तेही होतं, आणि कधी कधी तेच उत्तम. मेन राज्यातल्या बोडिन कॉलेजने १९९७ मध्ये फ्रॅटर्निटी संपवायचं ठरवलं. त्यांतली बरीच घरं आज कॉलेजची सर्वांना खुली वसतिगृहं आहेत. आमच्या मंडळींसमोर मी हिशेब ठेवला तेव्हा विक्रीच्या पैशातून शिष्यवृत्तीचा पर्यायही मांडला होता. तो अजून फेटाळलेला नाही.

पण मोठ्यांनी काहीच ठरवलं नाही, तर बंद झालेल्या शाखेतली पोरं गावात दुसरं घर भाड्याने घेतात आणि सनदेशिवाय, देखरेखीशिवाय तेच प्रकार चालू ठेवतात. विद्यापीठाचा हात तिथे पोचत नाही. ‘हे आमच्या नावाने चालणार नाही, आणि आमचा एक डॉलरही मिळणार नाही’ असं त्यांना बजावू शकतात ते माजी सदस्यच. तुम्ही त्यांनाच गप्प घरी बसायला सांगता आहात.

राहिला माझ्या मुलाचा प्रश्न. तुम्हाला हे अमेरिकन गोऱ्या पोरांचं खूळ वाटत असेल, पण आपल्याकडची मुलंही यात आहेत. डेल्टा एप्सिलॉन साय ही दक्षिण आशियाई मुलांची फ्रॅटर्निटी १९९८ मध्ये ऑस्टिनला निघाली. आणि रॅगिंग आपल्याला परकं नाही. महाराष्ट्राला १९९९ मध्ये त्यावर कायदा करावा लागला.

माझ्या मुलाला यंदा एका शाखेचं बोलावणं आलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये इथे देशपातळीवर कायदा झाला : कोणती विद्यार्थी संघटना रॅगिंगमध्ये दोषी ठरली, काय घडलं आणि काय कारवाई झाली, हे महाविद्यालयांनी जाहीर करायचं. त्याच्या कॉलेजचा तो अहवाल आम्ही दोघांनी शेजारी बसून वाचला. त्या शाखेचं नाव त्यात नाही. तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही. त्यांच्या माजी सदस्यांच्या समितीवर कोण आहे आणि ते वर्षातून किती वेळा घरात पाऊल टाकतात, हे मी विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत त्याने होकार कळवायचा नाही, असं आमचं ठरलं आहे.