कमिशन खाणारे, कटिंगवाले आणि मामाची द्राक्षं

'मातीचा माणूस' दादा, नमस्कार. उत्तराला आठवडा लागला, सॉरी, पण तुमची प्रतिक्रिया "धन्यवाद, विचार करतो" म्हणून उरकण्यासारखी नव्हती. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की आजच्या अर्थव्यवस्थेचा गाडा सेवा क्षेत्रावर चाललाय. दादांचं म्हणणं असं की शेतकरी पिकवतो, कामगार बनवतो, बाकीचे मधल्यामधे कमिशन खातात, "एकमेकांची दाढी करून गाव श्रीमंत होत नसतं", सेवा क्षेत्राचे 55 टक्के वगैरे कागदावरची जादू आहे, सेवा महाग होत चालल्यात पण काम तेवढंच, आणि डिलिव्हरी करत फिरणाऱ्या पोरांना रोजगार मिळाला म्हणणं हा त्या पोरांचा अपमान आहे. शेवटी "एसीत बसून लिहिणं सोपं असतं" हा टोला. एसी नाहीये दादा, नाशकात राहतो, फॅन आहे आणि तोही कुरकुरतो.

डिलिव्हरीवाल्या पोरांबद्दल तुमच्याशी भांडण नाही, त्यावर खाली येतो. पण "पिकवणं तेवढं खरं, बाकी सगळं फुकटचं" यावर मात्र भांडण आहे, आणि ते मामाच्या बागेतूनच करतो म्हणजे तुम्हाला एसीचा वास येणार नाही.

मामाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग. 2010 चा सीझन बागायतदार अजून विसरलेले नाहीत. त्या वर्षी युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड, आपल्याकडे ज्याला नुसतं सीसीसी म्हणतात ते, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. मर्यादा किती, तर 0.05 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 0.05 भाग. आता सीसीसी म्हणजे एप्रिल छाटणीनंतर वेलीचा जोर आवरायला मारतात ते, सगळेच मारत होते, लपवून कुणी मारत नव्हतं. घोळ असा होता की निर्यातीआधी आपल्या लॅबमध्ये ज्या औषधांचे अंश तपासायचे त्या यादीत सीसीसी नव्हतंच. यादीत नाही म्हणून तपासलं नाही, तपासलं नाही म्हणून रिपोर्ट क्लीन, आणि तो क्लीन रिपोर्ट घेऊन कंटेनर न्हावाशेवाहून निघाले, काही आठवडे समुद्रात, आणि तिकडे उतरल्यावर तिकडच्या लॅबने बरोबर पकडलं. माल अडकला, पैसे अडकले, बँकेचा हप्ता मात्र कधी अडकत नाही.

मला सांगा, त्या द्राक्षात काय कमी होतं? गोडी तीच, मण्याची साईज तीच, थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बायांचे कष्ट तेच. तुमच्या हिशोबाने जे काही "बनवायचं" ते सगळं बनवून झालेलं होतं. चुकलं ते फक्त यादीतलं एक नाव, एक टेस्ट, म्हणजे शुद्ध सेवा, जी ना खाता येते ना गोदामात ठेवता येते. आणि तेवढ्यावरून वर्षभराचा माल मातीमोल झाला. पुढे सीसीसी यादीत घातलं आणि निर्यात परत रुळावर आली. आज निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी, सॅम्पल, लॅबचा रिपोर्ट, अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यातीची संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदीत सगळी एन्ट्री, मग पॅकहाऊस, प्रिकूलिंग, रीफर म्हणजे थंड कंटेनर, क्लिअरिंग एजंट, विमा, बँकेची कागदपत्रं. यातला एक जण जरी झोपला तरी घड वेलीवर कितीही देखणा असू दे, युरोपसाठी तो शून्य रुपयाचा. मामा या सगळ्यांना "कागदवाले" म्हणतो, टेस्टच्या फीवरून दरवर्षी शिव्या घालतो, आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय एक क्रेट हलवत नाही.

तुमचा विचार तसा जुना आणि चांगल्या खानदानातला आहे बरं का. ॲडम स्मिथ या स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञाने 1776 मध्ये हेच लिहिलं होतं, घरगडी, वकील, डॉक्टर, गवई, विदूषक सगळे एका रांगेत उभे करून अनुत्पादक ठरवले, कारण यांचं काम केल्या क्षणी संपतं, मागे वस्तू उरत नाही. सोव्हिएत रशियात तर राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धतच अशी होती की मालगाडी मोजायची आणि माणसांची गाडी नाही, शाळा-दवाखाने त्या आकड्याच्या बाहेर. गंमत म्हणजे आपल्या गावगाड्याला यापेक्षा जास्त अक्कल होती. न्हावी, परीट, गुरव यांच्या कामातून कुठली वस्तू निघायची? तरी सुगीला खळ्यावर कुंभार-सुताराबरोबर त्यांचंही बलुतं ठरलेलं. म्हणजे दाढीशिवाय आणि धुण्याशिवाय गाव चालत नाही हे गावाला पक्कं माहीत होतं. फक्त ते बलुतं किती, आणि ते घेणाऱ्याने उभं कुठे राहायचं, हे जातीने ठरवलेलं होतं. काम गरजेचं पण करणारा खालचा, हा हिशोब जुनाच आहे, आणि मला वाटतं तुमचा खरा राग त्यावर आहे, सेवेवर नाही.

कमिशनचं म्हणाल तर हो, काही जण खरंच नुसतं फाटक अडवून बसतात. आडत आठवा, म्हणजे बाजार समितीत माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन. 2016 मध्ये सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. अनेक वर्षं ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली गेली, कारण माल नाशवंत आणि दुसरीकडे जायला वाट नाही. तो टोलनाकाच होता, त्याला सेवा म्हणून मी डोक्यावर घेणार नाही. पण टोलनाका आणि लॅब एकाच पोत्यात भरू नका एवढंच.

आता 55 टक्के. इथे तुम्ही मला पकडलंत आणि बरोबर पकडलंत. लेखात माझ्याकडून "देशातला 55 टक्के रोजगार सेवा क्षेत्रात" असं लिहिलं गेलं होतं, ते चूक. 55 टक्के हा एकूण मूल्यवर्धनातला, म्हणजे देशाच्या कमाईतला वाटा आहे, रोजगारातला वाटा 30 टक्क्यांच्या आसपास, आणि शेतीवर 2023-24 च्या श्रमशक्ती पाहणीत अजून 46 टक्के लोक आहेत. लेखात दुरुस्ती केलीये. आणि ही दुरुस्ती साधी नाही, माझ्या लेखातली अर्धी हवा तिनेच काढून घेतली हे कबूल करतो.

जादू म्हणालात, तर थोडी आहेच, ती मी घरात पाहिलीये. वडील सातपूरला एका कारखान्यात होते. तेव्हा कँटीनचा आचारी, गेटवरचा वॉचमन, माळी, साहेबांचा ड्रायव्हर, सगळे कंपनीच्या रोलवर, दिवाळीला सगळ्यांना बोनस. म्हणजे सरकारी हिशोबात हे सगळे "कारखानदारी". मग कॉन्ट्रॅक्टर आला. तोच वॉचमन, त्याच गेटवर, तीच काठी घेऊन उभा, पण आता तो सिक्युरिटी एजन्सीचा माणूस, म्हणून "सेवा क्षेत्र". देशाच्या आकड्यात सेवा वाढली, कारखानदारी घटली, आणि त्याच्या घरात पगार घटला. तेव्हा सेवा क्षेत्राचा आलेख वर जाताना दिसला की त्यातला थोडा भाग असा नुसता पाटी बदललेला आहे हे धरून चालायचं.

पण सगळाच कागद आहे म्हणाल तर तेही नाही पटत. आपला देश बाहेरून माल आणतो तो विकतो त्यापेक्षा कितीतरी जास्त, 2023-24 मध्ये मालाच्या व्यापारात 240 अब्ज डॉलरच्या आसपास तूट होती, त्याच वर्षी सेवांच्या व्यापारात 160 अब्जांच्या वर शिल्लक. तुमच्या ट्रॅक्टरच्या डिझेलचं कच्चं तेल बहुतेक बाहेरून येतं, त्याला लागणारे डॉलर हिंजवडीत आणि बंगळुरात रात्री-बेरात्री कॉलवर बसलेली पोरं थोडेफार कमावून आणतात. आता हेही खरं की आयटीत 2023-24 मध्ये सगळ्या देशात मिळून साधारण 54 लाख लोक आणि काम करणारे एकूण पन्नास कोटींच्या पुढे, म्हणजे शंभरातला जेमतेम एक. तुमच्या गावातली किती पोरं त्यात जाणार हा तुमचा प्रश्न रास्तच आहे आणि माझ्याकडे त्याला चांगलं उत्तर नाही.

"महाग झालं पण काम तेवढंच" यावर एक छोटी गोष्ट. मी शाळेत असताना कटिंग पाच रुपयात व्हायची, आता शंभर घेतात, आणि वेळ तेवढाच लागतो, उलट माझे केस कमी झालेत. कारखान्यात मशीन आली आणि एक माणूस दहा माणसांचं काम करायला लागला, त्याचा पगार वाढला. न्हाव्याला तासाला दहा डोकी करता येत नाहीत, पण त्याला जुन्याच दरात ठेवलं तर तो वस्तरा ठेवून एमआयडीसीत जाईल, म्हणून त्याचाही दर वाढतो. बॉमॉल नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने साठच्या दशकात नाटक-संगीतवाल्यांचा खर्च अभ्यासताना हे मांडलं, चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांनीही चौघांनाच वाजवावी लागते. शाळेची फी, दवाखान्याचं बिल, नाटकाचं तिकीट यांच्या वाढीमागे हे एक मोठं कारण आहे. एकमेव नाही, दवाखान्याच्या बिलात काय काय असतं ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

आणि ती डिलिव्हरीवाली पोरं. नीती आयोगाने 2022 च्या अहवालात 2020-21 साठी असे 77 लाख गिग कामगार, म्हणजे कायम नोकरी नाही, कामागणिक पैसे मिळणारे, धरले होते आणि 2029-30 पर्यंत 2.35 कोटी होतील म्हटलं होतं. त्यांना "पार्टनर" म्हणतात. गाडी पार्टनरची, पेट्रोल पार्टनरचं, पडला तर हाड पार्टनरचं, रेट मात्र कंपनी ठरवते, तोही ॲपवर एका रात्रीत बदलतो. राजस्थानने 2023 मध्ये यांच्यासाठी देशातला पहिला वेगळा कायदा केला. मागच्या लेखात यांना मी एका ओळीत "नव्या संधी" म्हणून मोकळा झालो होतो, ती ओळ आज वाचताना मलाच लाज वाटली, काढून टाकली आहे.

मामाचा मोठा पोरगा, बीएस्सी ॲग्री, आता एका लॅबसाठी प्लॉटवर जाऊन सॅम्पल घेतो. कुणी विचारलं पोरगा काय करतो, तर मामा म्हणतो, "काही नाही, दुसऱ्यांच्या बागेत फिरतो." परवा त्याच पोराने मामाच्याच शेजाऱ्याचा प्लॉट फेल केला, तेव्हापासून बांधावर दोन्ही घरं बोलत नाहीत. तुम्ही द्राक्षवाले आहात की कांदावाले ते कळवा, कांद्यावर वेगळं लिहायचंय आणि लासलगावबद्दल काही गोष्टी तुम्हालाच विचारायच्यात.