इतिहासात पीएचडी करायचीय? आधी एक चांगला किराणावाला बघा

तर मंडळी, इतिहासात पीएचडी करायचं नक्की झालंय ना, छान, मग विषय, गाईड वगैरे किरकोळ कामं नंतर करा. पहिलं काम म्हणजे आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात नाहीतर जिथे राहता तिथे असा एक किराणावाला शोधा जो सात-आठ महिने वहीत लिहून ठेवेल आणि तोंडावर काही बोलणार नाही. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्था आपल्याकडे पुष्कळ आहेत, वेळेवर देणारी ही एकच.

कागदावर बघाल तर नुसती मजा आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) नेट परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, काढली की महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे त्याचीच वरची पायरी, झालात की ४२,०००, हे २०२३ पासूनचे दर, वर घरभाडं वेगळं. आत्या-मावशांना हाच आकडा सांगायचा, कधी मिळतात ते सांगायचं नाही. फक्त जेआरएफ तिशीच्या आत काढा (बायकांना आणि राखीव गटांना पाच वर्षं सवलत आहे) आणि पेपर चांगला गेला म्हणून लगेच पेढे वाटू नका, २०२४ मध्ये पोरं १८ जूनला पेपर देऊन घरी आली आणि १९ ला परीक्षाच रद्द.

जेआरएफ हुकली तर केंद्रीय विद्यापीठ गाठा, तिथे नेट नसलेल्यांना महिना ८,००० मिळतात. हा आकडा कित्येक वर्षं जागचा हललेला नाही, इतिहासवाल्यांना याहून जुनी वस्तू जपायला कुठे मिळणार? २०१५ ला तेही बंद करायला निघाले होते, पोरं दिल्लीत यूजीसीच्या दारात जाऊन बसली म्हणून वाचले. आपलं सयाजीराव विद्यापीठ पडलं राज्याचं, त्यामुळे इथे ते पण विसरा, गुजरात सरकारची शोध योजना बघा, महिना १५,००० आणि वर्षाला २०,००० वरखर्चाला, दोन वर्षं. यूजीसीच्या नियमात पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं लागतात, तर तिसऱ्या वर्षी काय खायचं असले प्रश्न विचारू नका, तिसऱ्या वर्षापर्यंत भूक मरते.

आता कंटिंजन्सी, म्हणजे वरखर्चाचे पैसे. जेआरएफवाल्या इतिहासकाराला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,०००, सायन्सवाल्याला १२,०००. त्याला केमिकल लागतं ना, आपल्याला काय, नुसतं पुणं, मुंबई, दिल्ली करत फिरायचं आणि झेरॉक्स काढायच्या. मी एकदा पुण्याला पेशवे दफ्तरात दोन आठवडे बसून आलो, मोबाईलच्या टॉर्चवर मोडी वाचून डोळ्यांचं भजं झालं, आणि आल्यावर प्रामाणिकपणे रिपोर्टात लिहिलं की एकूण २३ रुमाल पाहिले. जुन्या कागदांचं गाठोडं ज्या फडक्यात बांधतात त्याला दफ्तरात रुमाल म्हणतात, हे तुम्हाला मला माहीत आहे. बिल जिथे गेलं (कुठे ते नाही सांगत) तिथल्या भाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "रुमाल? ए तो पर्सनल आइटम छे ने." मी म्हटलं विकत नाही घेतले हो, उघडले. तर म्हणे मग खर्च कसला. तीन आठवडे फाईल त्या २३ रुमालांवर अडली, शेवटी 'बंडल' लिहून दिलं तेव्हा सुटली. म्हणून सांगतो, अस्सल परिभाषा प्रबंधात वापरा, बिलात नको.

कोणीतरी तुम्हाला सयाजीराव गायकवाड महाराजांचं उदाहरण देणारच, बडोद्यात त्यातून सुटका नाही. खरंच आहे, रियासतकार सरदेसाई महाराजांच्या नोकरीत राहूनच मराठ्यांचा इतिहास लिहायला लागले, आणि १९१३ ला आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंड देऊन, तीन वर्षं, बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ ला तो करार पाळायला ते इथे आले तर अख्ख्या शहरात खोली मिळेना, पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं आणि ते कमाटी बागेत जाऊन बसले. आता घरभाडं भत्ता मिळतो, पण खोली बघायला गेलात की पहिला प्रश्न "पूर्ण नाव काय?", एवढा वारसा शहराने नीट जपलाय. इथे मला उपरोध जमत नाही, पुढे जाऊ.

जोडधंदा म्हणून मोडी शिका. तुमच्या प्रबंधाला कुत्रं विचारणार नाही पण २०२३ ला महाराष्ट्रात मराठा आरक्षणासाठी जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा मोडी वाचणाऱ्याला काय भाव आला होता! दोन वर्षं घासून मी गायकवाडांच्या खासगी खर्चावर जे प्रकरण लिहिलं ते आतापर्यंत चार जणांनी वाचलं, त्यातला एक मी.

आमच्या किराणावाल्या काकांना मात्र हे मोडीचं कुठून तरी कळलं. परवा मी उधारी पुढे ढकलायला तोंड वाकडं करून उभा होतो तर त्यांनी गल्ल्याखालून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला, आजोबांच्या वेळचा, घराच्या सामाईक भिंतीचा. तिथेच तांदळाच्या पोत्यावर बसून वाचून दिला, भिंत शेजाऱ्याची निघाली. काका जरा वेळ गप्प बसले, मग वही उघडून तेलाचा डबा आणि दोन किलो तूरडाळ खोडली आणि म्हणाले, "हे शेजारी बोलू नको हां."

खर्चाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट मागितलं नाही.