800 किलोमीटरवर का नको? घोडबंदरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. खासगी अवकाश स्थानकांच्या कक्षांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंत. तुमचे आक्षेप तीन. कझाकस्तानातल्या बैकानूर प्रक्षेपण तळाचा अक्षांश मी चुकवला. श्रीहरिकोट्याला सोयीची, कमी कलाची (म्हणजे विषुववृत्ताशी कमी कोन करणारी) कक्षा मी विचारातच घेतली नाही. आणि 400 किलोमीटरवर हवेशी झगडत बसण्यापेक्षा सरळ 800 वर जावं, एवढं साधं मला सुचलं नाही. वर ‘ठाण्यात बसून नासाला शिकवू नका’ हा टोलाही आहेच. असू दे.

पहिली चूक कबूल. बैकानूर 51.6 नव्हे, साधारण 46 अंशांवर आहे. तिथून रॉकेट नीट पूर्वेला सोडलं तर गळणारे टप्पे चीनमध्ये पडायची भीती, म्हणून ते ईशान्येकडे सोडतात आणि आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या कक्षेचा कल 51.6 होतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

800 चं मात्र पटत नाही. तिथे हवा जवळजवळ नाही म्हणून निकामी उपग्रहांचा कचराही लवकर खाली येत नाही, पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतो. 2009 साली इरिडियम आणि कॉसमॉस हे उपग्रह आदळले ते सुमारे 790 किलोमीटरवरच. किरणोत्सारही तिथे जास्त, आणि आत माणसं राहायची आहेत. 400 वरची विरळ हवा स्थानकाला खाली ओढते खरी, पण तीच झाडूही मारते.

आता खरा मुद्दा, कलाचा. आपल्याकडे घर घेताना मजल्यावर घासाघीस होते, पण भाव ठरतो तो स्टेशनपासून किती लांब यावर. कक्षेची उंची म्हणजे मजला, कल म्हणजे पत्ता. 400 वरून 450 वर जायला वेगात सेकंदाला जेमतेम 28 मीटरची भर पुरते. कल एका अंशाने बदलायला सुमारे 134 मीटर लागतात. अमेरिकेच्या फ्लोरिडातल्या तळाला सोयीच्या 28.5 अंशांच्या कक्षेतल्या स्थानकाला 51.6 वर जायचं तर सेकंदाला तीन किलोमीटर! एवढं इंधन कुठलंच स्थानक बाळगत नाही. म्हणजे कल एकदा ठरला की ठरला.

आणि प्रक्षेपण तळाच्या अक्षांशापेक्षा कमी कलाच्या कक्षेत थेट जाता येत नाही. श्रीहरिकोटा 13.7 वर आहे. तेवढ्याच कलाचं स्थानक बांधलं तर पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा 51.6 च्या तुलनेत सेकंदाला सुमारे 160 मीटरने जास्त मिळेल. इथे तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. पण मग बैकानूरहून कोणी येऊ शकणार नाही आणि फ्लोरिडाहून येणाऱ्यालाही भुर्दंड पडेल. ज्याला भाडेकरू हवेत त्याने असा पत्ता घेऊ नये. चीनच्या तियानगाँग स्थानकाचा कल 41.5 च्या आसपास का? त्यांचे अंतराळवीर जिउक्वान तळावरून निघतात आणि ते 41 अंशांवर आहे. हायनान बेटावरचा त्यांचा वेनचांग तळ तर जवळजवळ आपल्या ठाण्याच्याच अक्षांशावर, तरी स्थानक तिथल्या सोयीने बांधलं नाही.

शिवाय खिडकीतून काय दिसणार? पर्यटक पैसे मोजतो ते त्यासाठी. मी हिशेब केला: 13.7 अंशांचं, 400 किलोमीटरवरचं स्थानक ठाण्यातून दक्षिणेला फार तर 30 अंश वर चढेल, दिल्लीतून क्षितिजाला चिकटलेलं दिसेल आणि श्रीनगरहून दिसणारच नाही. सध्याचं आंतरराष्ट्रीय स्थानक तलावपाळीवरून कधीकधी थेट डोक्यावरून जाताना दिसतं. (शुभांशु शुक्ला 2025 च्या जून-जुलैत वर होते तेव्हा मात्र आपल्याकडे पावसाळा. आठ वेळा गच्चीवर गेलो, आठही वेळा भिजून परत.)

तुमची कक्षा एका ठिकाणी शोभेल: एकाच देशाचा, माणसांशिवाय चालणारा कारखाना, माल नेणारं-आणणारं रॉकेटही त्यांचंच. तसं गणित मांडून पाठवलंत तर पुढच्या लेखात घेतो. फक्त माल परत आणणाऱ्या यानाचं वजन धरायला विसरू नका. तुमच्या प्रतिक्रियेत ते कुठेच नव्हतं.